बॅटरी घेण्याआधी कंट्रोलरवरचं लेबल वाचा

इलेक्ट्रिक करून घेतलेल्या बाइकची बॅटरी दमली, की हैदराबादचे आबिड्सकर नवी घ्यायला शेजारच्या कोठी भागातली गुजराती गल्ली गाठतात. निघण्याआधी कंट्रोलरवरचं लेबल वाचा. त्यावर ३० अँपिअर असेल, तर पॅकचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सलग ४० तरी झेपणारा हवा. नाहीतर चढावर गाडी अचानक बंद पडते.

हैदराबादच्या उन्हाळ्यासाठी मी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच सुचवेन. १६ सेलचा पॅक ५१.२ व्होल्टचा, पूर्ण चार्ज ५८.४ ला. जुन्या १३ सेलच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅकचा चार्जर ५४.६ लाच थांबतो, म्हणून चार्जरही नवा घ्या. आणि हा नवा चार्जर त्या जुन्या पॅकला चुकूनही लावू नका!

सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममधून पसरलेल्या आगीत वरच्या लॉजमधले ८ जण गेले. म्हणून बाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याखाली चार्जिंग नकोच.