बिनओळखीच्या भाज्या

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, कल्याण, पनवेल, पेण अशा शहरांतील मंडईच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला काही आदिवासी स्त्रिया पानांवर जुड्या मांडून बसलेल्या दिसतात. शेवळ, टाकळा, फोडशी, कंटोली, भारंगी हा त्यांचा माल. चार पावलांवर, आत गाळ्यात, ड्रॅगनफ्रूट, किवी आणि ब्रोकोली कागदी झालरीत सजवून ठेवलेली असतात. गिऱ्हाईक आत भाव विचारते आणि बाहेर नाव विचारते. आणि नाव कळल्यावर बहुधा पुढे चालू लागते. हा फरक केवळ आवडीनिवडीचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल.

परदेशी फळांवर रोष धरण्याचे कारण नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. बटाटा, मिरची, टोमॅटो, पपई, पेरू, अननस, काजू यांपैकी एकही मूळचे आपले नव्हे. ही सर्व अमेरिका खंडातील मंडळी सोळाव्या शतकापासून, मुख्यतः पोर्तुगिजांच्या जहाजांतून, आपल्याकडे आली. बटाटा, अननस आणि काजू ही नावेदेखील आपण त्यांच्याकडूनच उचलली. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो चिकूही मध्य अमेरिकेचा. उपऱ्यांना घरचे करून घेण्यात मराठी स्वयंपाकघर कधीच मागे राहिलेले नाही. आज उलटेच घडते आहे. घरचे उपरे होत चालले आहे, आणि चिंता आहे ती त्याची.

नावाचे महत्त्व व्यापाऱ्यांनी आपल्यापेक्षा आधी ओळखले. किवी हे मुळात चीनमधील फळ. त्याचे बी १९०४ मध्ये न्यूझीलंडला गेले, आणि तेथील निर्यातदारांनी १९५९ मध्ये त्याला आपल्या पक्ष्याचे नाव देऊन जगभर विकले. ड्रॅगनफ्रूट ही तर निवडुंगाच्या कुळातील वेल. तिच्या फळाचे २०२१ मध्ये गुजरात सरकारने ‘कमलम्’ असे बारसे केले. आपल्या रानभाज्यांना नावांचा तोटा नाही. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. कंटोलीला कोठे करटोली, कोठे कटुर्ले, कोठे काटवल म्हणतात. पण या नावांना जाहिरात नाही, आणि ती उच्चारणाऱ्या पिढीची जागा घेणारी पिढी तयार होत नाही.

बरे, नाव कळले म्हणून भाजी कळली असे होत नाही. शेवळाचेच पाहा. सुरणाच्या कुळातील हा कोंब पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येतो आणि थोडेच दिवस बाजारात मिळतो. सुरण व अळू यांच्याप्रमाणेच त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून भाजी खाजरी. त्यावर उपाय म्हणून शेवळाबरोबर काकड नावाची आंबट फळे विकली जातात. ती नसतील तर चिंच. आतला पिवळा कणीदार भाग काढून टाकावा लागतो. कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळाची कोलंबी घालून केलेली भाजी वर्षाकाठी एकदा तरी व्हावी असा दंडक असे. कडू करांद्याची तऱ्हा याहून अवघड. तो राखेच्या पाण्यात उकळून, पुनःपुन्हा धुऊन मगच तोंडात घालायचा. ही कृती कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेली नाही. कित्येक पिढ्यांनी भुकेच्या दिवसांत, प्रसंगी जिवावर बेतून, ती शोधून काढली. म्हणूनच छायाचित्र पाहून रानात भाजी खुडायला निघणाऱ्या हौशी शहरवासीयांना सावध करणे आवश्यक वाटते. कळलावीचा विषारी कंदही त्याच रानात असतो.

पूर्वी ही ओळख पंचांगाने सांभाळली. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हा नियम कोणी कोणत्याही भावनेने पाळो, त्या निमित्ताने परसातल्या आणि रानातल्या भाज्यांची उजळणी दरवर्षी घरोघर होत असे. आता त्या दिवशीची भाजी चिरून, मिसळून, पिशवीत बांधून मिळते, आणि तिच्यात नेमके काय आहे हे घेणाऱ्याला सांगता येत नाही.

शाळेची गोष्ट याहून खेदजनक आहे. विद्यार्थी वनस्पतिशास्त्रात संयुक्त पानाची आकृती काढतो, तिला गुण मिळतात; पण शाळेच्या कुंपणालगत उगवलेला टाकळा, ज्याची पाने सायंकाळी मिटतात, तो त्याने पाहिलेला नसतो. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने आंबा, फणस आणि येथील औषधी वनस्पती यांची माहिती स्थानिकांना विचारून नोंदवली होती. परक्याला जी जिज्ञासा होती, ती आपल्या वर्गात का असू नये? आश्रमशाळांत तर जाणते विद्यार्थीच असतात. तेथे शिक्षकाने शिकवण्याऐवजी एक तास विचारण्यात घालवावा.

सरकार काहीच करत नाही असे नाही. अलीकडे कृषी विभाग ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे गावरान बियाणांची बँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु महोत्सव एक-दोन दिवसांचा. दुसऱ्या दिवशी तीच स्त्री पुन्हा फुटपाथवर असते, अतिक्रमणाची गाडी आली की पाटी उचलून पळत असते. पहाटे रान तुडवून, रेल्वेच्या गर्दीतून आणलेल्या तिच्या जुडीवर आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि आत जाऊन छापील किमतीला मुकाट्याने किवी घेतो. मंडईतले दोन-चार ओटे पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत या स्त्रियांसाठी राखून ठेवणे, त्यांच्याकडून बाजारफी न घेणे आणि तेथे प्रत्येक भाजीच्या नावाची पाटी लावणे, एवढे नगरपालिकांना एका ठरावाने करता येईल.