३ चा ६ का होतो?

दुसरीतलं पोर पाटीवर ३ काढायला जातं आणि ६ काढून बसतं. माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत हे दिसेल. 'लक्ष नाही' म्हणून आपण मोकळे होतो. खरं कारण थक्क करणारं आहे. माळावरचा लांडगा डाव्या अंगाने दिसो की उजव्या, लांडगा तो लांडगाच, हे आपला मेंदू लाखो वर्षांत शिकला. वाचन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचं. मेंदूत त्याच्यासाठी जन्मजात जागाच नाही! वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा अक्षरांसाठी घडवावा लागतो. दिशा फिरली की चिन्ह बदलतं, हे त्याला नव्याने शिकावं लागतं. बहुतेकांना ते लवकर जमतं, काहींना फार वेळ लागतो.

त्यात आपली लिपी. 'किती' वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी भेटते, तोंडाने मात्र आधी 'क' म्हणायचा.

पालखीच्या वाटेवर, शेजारच्या फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांना वाचायला कसं शिकवायचं याच कोड्यात आयुष्य घातलं. मूळच्या अमेरिकन, फलटणच्या मराठीवर पीएच.डी. केलेल्या भाषाशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये त्यांनी तिथे कमला निंबकर बालभवन सुरू केलं. आधी सगळी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, हा डोंगर त्यांनी बाजूला ठेवला. मोजकी अक्षरं आणि एखादी खूण एकदमच शिकवायची. समजा क, म, ल आणि काना. एवढ्यात काका, मामा, लाल, काम, मला, कमाल! चार चिन्हांत पोर अर्थापर्यंत पोचतं.

आणि वाचता येऊ लागलं की वागणंही बदलतं. सारखं पाणी प्यायला उठणारं, शेजाऱ्याला चिमटे काढणारं मूल पुष्कळदा न येणाऱ्या धड्यापासून पळत असतं. वर्गाबाहेर उभं केलं की त्याची सुटका होते आणि तीच सवय पक्की होते. त्यापेक्षा पाच मिनिटांचं, जमेल एवढंच काम द्यावं. नुसतं 'शाब्बास' नको. 'काना बरोबर ओळखलास' असं नेमकं सांगावं.

तरीही अडखळत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे; तिचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. मुख्याध्यापकांकडे आजच चौकशी करा.