लोणारचा ज्वालामुखी जागा होईल का?

लोणारचे सरोवर म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, आणि आज शांत असलेले हे तोंड कधीतरी पुन्हा उघडेल, हा समज बुलढाणा जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही चिवट आहे. तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. जमिनीत खोल उतरलेले, जवळपास गोल, 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर, त्याची उचललेली कड, तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी आणि भोवती सगळा काळा पाषाण, हे पाहून कोणालाही ज्वालामुखीच आठवेल. गेल्या शतकातल्या अनेक भूवैज्ञानिकांनाही तोच आठवला. शिवाय समजाचा अर्धा भाग खराच आहे. लोणारचा दगड ज्वालामुखीचाच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा थरावर थर वाहिला आणि दख्खनचे पठार बनले. कपाशीची काळी जमीन त्याच दगडाची माती. पण दगड कशातून आला आणि त्यात खड्डा कशाने पडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोंधळ नेमका इथे होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जवळजवळ निर्विवाद केले. सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेऊन काढलेल्या भग्न खडकांत मास्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक न वितळताच, केवळ प्रचंड धक्क्याने काचेसारखे झाले की हा पदार्थ तयार होतो. त्यासाठी लागणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पटींत मोजावा लागतो, आणि ज्वालामुखीचा कोणताही स्फोट त्याच्या जवळपासही जात नाही. तेवढा दाब क्षणार्धात देणारी नैसर्गिक गोष्ट एकच, अवकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळणारी उल्का. कडेवरचे खडकही तीच साक्ष देतात. पठारावर आडवे असलेले लाव्ह्याचे थर इथे वर उचलले गेले, काही ठिकाणी उलटे पडले, आणि त्यांचा चुरा कडेबाहेर पसरला. ज्वालामुखीच्या तोंडाशी त्याच्या स्वतःच्या नव्या लाव्ह्याचे, राखेचे थर साचायला हवेत. लोणारला असा नवा लाव्हा नाही, आहे तो आधीच्याच दगडाचा भुगा. विवराच्या वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार वर्षे भरते, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने सुमारे 5 लाख 70 हजार. यातले कोणतेही धरले तरी लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यानंतरची ही घटना आहे.

तरीही शंका उरते. पाणी इतके अल्कधर्मी का, आणि 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी का झाले? सरोवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. ते उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात. 2020 मध्ये पातळी घटून खारटपणा वाढला आणि मिठात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांनी रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. गरम पाण्याच्या कुंडांवरूनही खाली ज्वालामुखी जिवंत असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वज्रेश्वरी काय नि उनकेश्वर काय, पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. त्याला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, लागत नाही. भूकंपांचेही तसेच. किल्लारीचा 1993 चा भूकंप किंवा शेजारच्या हिंगोलीतले 2024 चे धक्के यांमागे भारतीय भूपट्टावर साठणारा ताण आणि जुन्या भेगा आहेत.

भूकंप हे ज्वालामुखीचे लक्षण असतेच ना, हा आक्षेप मात्र योग्य आहे. असते, पण एकटे नाही. ज्वालामुखी लवकर फुटेल का, हे ठरवताना तज्ज्ञ खरे तर एकच गोष्ट शोधतात: खाली शिलारस आहे का आणि तो वर सरकतो आहे का. वर सरकताना तो खडक फोडतो, म्हणून बारीक धक्क्यांचे थवे येतात आणि भूकंपमापकावर सलग थरथर उमटते. तो स्वतःसाठी जागा करतो, म्हणून डोंगर फुगतो; हे जीपीएस, कलमापक आणि उपग्रहांवरचे रडार मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये टिपतात. वर आल्यावर त्याच्यावरचा दाब कमी होऊन गंधकाचा वायू सुटतो. ही लक्षणे एकत्र आणि वाढत्या क्रमाने आली तर चिंता. फिलिपीन्सच्या पिनाटुबोवर 1991 मध्ये तसेच झाले. मार्चमध्ये धक्के सुरू झाले. मे महिन्याच्या दोन आठवड्यांत सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे 500 टनांवरून 5,000 टनांवर गेला. 15 जूनच्या महास्फोटाआधी लोक हलवले गेले आणि हजारो जीव वाचले.

म्हणून तज्ज्ञ तारीख सांगतात, असेही समजू नये. इटलीतल्या कॅम्पी फ्लेग्रेईची जमीन 1982 ते 1984 या काळात जवळपास 1.8 मीटर वर आली, पोझुओली शहरातले लोक हलवावे लागले, आणि उद्रेक झालाच नाही. उलट जपानच्या ओन्ताके पर्वतावर 2014 मध्ये फारशी पूर्वसूचना न मिळता वाफेचा स्फोट झाला आणि 60 हून अधिक माणसे दगावली. अंदाज शक्यतांच्या भाषेतच दिला जातो, आणि तो इशारा देणाऱ्याचा कमीपणा नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये इथिओपियाचा हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, त्याची राख उत्तर भारतापर्यंत आली, काही विमाने रद्द झाली. हजारो वर्षांच्या शांततेनंतर तो फुटू शकतो तर लोणार का नाही, असे कुणी विचारेल. कारण हायली गुब्बीखाली आफारचा फाटता प्रदेश आहे आणि शेजारी एर्टा अले हा धगधगता ज्वालामुखी. शांततेची वर्षे मोजून काही कळत नाही, खाली काय आहे ते पाहावे लागते.

लोणारखाली तसे काही उरलेले नाही. दख्खनला लाव्हा पुरवणारा उष्णतेचा स्रोत बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारतीय भूपट्ट त्याच्यावरून केव्हाच उत्तरेकडे सरकला. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी वारंवार फुटतो. 1977 मध्ये त्याच्या लाव्ह्याने सेंत रोझजवळची वस्ती गाठली, त्यानंतर तिथे वेधशाळा उभी राहिली. भारतात जागा असलेला ज्वालामुखी अंदमानचे बॅरन बेट, जिथे भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली घुसतो. शतकाहून अधिक काळ गप्प राहून तो 1991 मध्ये फुटला आणि तेव्हापासून अधूनमधून फुटतोच आहे. बेट निर्मनुष्य असल्याने त्याच्यावर मुख्यतः उपग्रहांतून आणि समुद्रावरून नजर ठेवली जाते, आणि त्याच्या राखेचा इशारा विमानांसाठी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघतो.