व्हिडिओ ईईजी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूचा आलेख एक दिवस ते काही दिवस सलग नोंदवायचा आणि त्याच वेळी कॅमेऱ्याने त्याच्या हालचाली टिपायच्या, या तपासणीला दीर्घकालीन व्हिडिओ ईईजी म्हणतात. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांत आटोपतो आणि कल्याण-डोंबिवलीतही होतो. दीर्घ तपासणीसाठी मात्र डोंबिवलीकरांना बहुधा परळचे के.ई.एम. किंवा मुंबईतले दुसरे मोठे रुग्णालय गाठावे लागते.

‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे फिट्स नाहीत’ हा सर्वांत नुकसान करणारा गैरसमज. दोन फिट्सच्या मधल्या काळात आलेख अगदी स्वच्छ असू शकतो. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या पहिल्या साध्या ईईजीत काहीच सापडत नाही. त्या अर्ध्या तासात दोष दिसला नाही, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ. उलट, कधीही फिट न आलेल्या मोजक्या माणसांच्या आलेखातही टोकदार लहरी दिसतात. म्हणून नुसत्या कागदावरून गोळ्या सुरू किंवा बंद करणे धोक्याचे.

‘डोक्याला शॉक देतात’ ही भीती निराधार आहे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला, तेव्हापासून हे यंत्र मेंदूतली वीज फक्त टिपते, आत सोडत नाही. टाळूवर ती जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट भरते. इतक्या क्षीण नोंदीत बाकीचे संकेत सहज मिसळतात. आदल्या दिवशी शॅम्पूने केस धुऊन तेल न लावता यायला सांगतात ते डोक्यावर लावायच्या तारा नीट चिकटाव्यात म्हणून. रुग्ण चिवडा खाऊ लागला की जबड्याच्या स्नायूंनी आलेख काळा होतो. दात घासतानाची लय तर नवख्याला फिटसारखीच वाटते. अशा वेळी व्हिडिओ बघितला की उलगडा होतो.

‘गोळ्या कमी करून मुद्दाम फिट आणतात’ यात तथ्य आहे, पण अर्धेच. काही रुग्णांची औषधे डॉक्टर वॉर्डात, तातडीच्या उपचारांची तयारी ठेवूनच, हळूहळू कमी करतात. तेच पाहून कोणी घरी स्वतःहून गोळ्या थांबवल्या, तर न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

वॉर्डात फिट आली की नातेवाईक नाकाशी कांदा किंवा चप्पल धरायला धावतात. त्याचा उपयोग शून्य, वर कॅमेऱ्यापुढे पाठ येते ती वेगळीच. नर्सला कळवणारे बटण दाबावे, पांघरूण बाजूला करावे, रुग्णाला कुशीवर वळवावे आणि तोंडात काही घालू नये. नर्स नाव विचारते, हात वर करायला सांगते, एखादा शब्द लक्षात ठेवायला देते. भान कितपत आहे, हे त्यातून कळते.

‘आलेखात काही आले नाही, म्हणजे नाटक’ हा निष्कर्ष क्रूर आहे. मानसिक ताणातून येणारे, फिटसारखे दिसणारे झटके रुग्ण जाणूनबुजून आणत नाही. त्यांना अपस्माराच्या गोळ्या लागू पडत नाहीत, मानसोपचार लागतो. निदान बदलले की वर्षानुवर्षांची औषधे थांबवता येतात, हा या तपासणीचा मोठा फायदा. शिवाय मेंदूच्या छोट्या किंवा खोल भागातली खरी फिटही टाळूवरच्या तारांना कधी कधी सापडत नाही.

‘व्हिडिओ ईईजी सांगितला, म्हणजे ऑपरेशन ठरले’ असेही नाही. औषधांना दाद न देणाऱ्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांपैकी काहींनाच शस्त्रक्रियेचा पर्याय असतो आणि तो एमआरआय व इतर तपासण्या जुळल्यावरच पुढे येतो.

इतके दिवस राहूनही फिट आलीच नाही, तरी झोपेतली नोंद हाती असते. गरज पडल्यास तपासणी पुन्हा करतात. मधल्या काळात घरच्यांनी मोबाइलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्यात सुरुवात, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. घरी सोडताना औषधांचा डोस लिहून घ्यावा, आणि तो पूर्ववत होईपर्यंत रुग्णाला लोकलच्या गर्दीत एकटे पाठवू नये.