‘भांडवल मिळाले’ या बातमीवर माल उधार द्यावा काय?

कर्जत रेल्वेमार्गावर आणि खालापूर द्रुतगती मार्गावर असल्याने मुंबई-पुण्याच्या नवनव्या कंपन्यांची माणसे आपल्या दुकानापर्यंत सहज येऊन पोहोचतात. कोणाला फार्महाऊससाठी फर्निचर किंवा ग्रिलचे काम करून हवे असते, कोणी आपल्या हॉटेलचे नाव ॲपवर घालू म्हणतो. माल मात्र उधारीवर हवा असतो. कंपनी कशी आहे, असे विचारले की मोबाईलवरची बातमी पुढे केली जाते : अमुक कंपनीला इतक्या कोटींचे भांडवल मिळाले. अशी बातमी कशी तयार होते, हे कर्जत, नेरळ, खोपोलीच्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

नव्या कंपन्यांच्या बातम्या देणाऱ्या खास वेबसाइट आहेत. अमेरिकेतील टेकक्रंच २००५ मध्ये आणि आपल्याकडील योरस्टोरी २००८ मध्ये सुरू झाली. भांडवलाची बातमी पुष्कळदा कंपनीनेच पाठविलेल्या तयार मजकुरावरून बनते. आकडा कंपनीचा, स्तुती गुंतवणूकदाराची. जाहीर झालेली रक्कम कधी कधी हप्त्याहप्त्याने मिळते. काही मजकूर तर पैसे घेऊन छापलेला असतो; त्यावर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. एक बातमी आली की दुसरा गुंतवणूकदार चौकशी करतो, नोकर मिळतात, माल देणारेही विश्वास टाकतात. म्हणजे प्रसिद्धी हेच एक भांडवल होते.

बातमी देणारा व पैसा लावणारा यांचे संबंधही पाहावे लागतात. टेकक्रंचचे संस्थापक मायकेल अ‍ॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये स्वतःचा गुंतवणूक फंड काढला, तेव्हा यावरूनच वाद झाला आणि त्यांना वेबसाइट सोडावी लागली. योरस्टोरीत २०१५ मध्ये कलारी कॅपिटलने पैसे गुंतविले. ही संस्था नव्या कंपन्यांतही पैसे गुंतविते. एवढ्यावरून बातमी खोटी ठरत नाही, पण वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मुंबईच्या टायनीआउलचे उदाहरण बोलके आहे. आयआयटी मुंबईच्या तरुणांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी हॉटेलचे जेवण घरपोच मागविण्याचे ॲप चालवीत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिला सुमारे १०० कोटी रुपये मिळाल्याच्या बातम्या झळकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोकरकपात सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये पुण्याचे कार्यालय बंद करायला गेलेल्या एका संस्थापकाला थकलेल्या पैशांसाठी कर्मचाऱ्यांनी अडवून धरले. २०१६ मध्ये ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. या वाईट बातम्याही अशाच वेबसाइटनी दिल्या. पण दुकानदाराला दाखविली जाते ती पहिली बातमी.

भांडवल म्हणजे नफा नव्हे. दुसऱ्याने आपला पैसा त्या कंपनीत घातला, एवढेच बातमीवरून कळते. आपले बिल वेळेवर चुकते होईल, असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. मग आपण काय करावे?

पहिले, कंपनीचे नोंदणीकृत नाव घ्यावे. ॲपचे नाव वेगळे असू शकते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर फी भरून कोणत्याही कंपनीचा ताळेबंद पाहता येतो. तोटा व देणी तेथे दिसतात. दुसरे, सुतार, वेल्डर, मसाले करणारे अशा माल बनविणाऱ्यांनी व सेवा देणाऱ्यांनी व्यवहारापूर्वीच उद्यम नोंदणी करावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तिसरे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचे संरक्षण नाही. त्याने इसार घेतल्याशिवाय माल हलवू नये. आणि ऑर्डर सर्वांनीच लेखी घ्यावी.

प्रत्येक नवी कंपनी बुडते असे नाही, चांगले गिऱ्हाईक यातूनही मिळते. मात्र गिऱ्हाईकाची पत बातमीवरून ठरवू नये. पहिले लहान बिल किती दिवसांत चुकते केले, यावरून ठरवावी.