रेतीचोरी का होते? कारण शोधण्याच्या पाच पायऱ्या

वैनगंगेच्या रेतीला नागपूरसारखं मोठं गिऱ्हाईक जवळच आहे. त्यामुळे भंडारा जिल्ह्यात मोहाडी, तुमसर, पवनी भागांत रेतीचोरीच्या बातम्या सरत नाहीत. माणूस गुन्हा का करतो, यावर गुन्हेगारीशास्त्रात, म्हणजे गुन्ह्यांची कारणं शोधणाऱ्या शास्त्रात, बरेच सिद्धांत आहेत. रात्री रेतीघाटावरून विनापरवाना निघालेला एक ट्रॅक्टर घेऊन आपण ते लावून पाहू.

१. आधी ‘त्यांची जातच तशी’ हे उत्तर बाजूला ठेवावं. इटलीच्या लोंब्रोझोनं १८७६ मध्ये मांडलेला ‘जन्मजात गुन्हेगार’ हा सिद्धांत अभ्यासात टिकला नाही. आपल्याकडे तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय उरला.

२. मग हिशेब पाहावा. शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती होण्याची खात्री महत्त्वाची, असं विचारवंत बेकारियानं १७६४ मध्येच सांगितलं. ट्रॅक्टर पकडलाच जाणार नसेल, तर दंड कितीही वाढवला तरी धाक बसत नाही.

३. तिसरी पायरी ओढाताणीची. पैसा कमवा असं सगळ्यांनाच सांगितलं जातं, पण सरळ वाटा सगळ्यांना सारख्या खुल्या नसतात, हा समाजशास्त्रज्ञ मर्टनचा १९३८ चा मुद्दा. धानाचा हंगाम संपला, हाताला काम नाही आणि ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय. इथे हमखास चूक होते, ती म्हणजे ‘गरिबीमुळेच गुन्हे’ म्हणण्याची. बहुतेक गरीब चोरी करत नाहीत, आणि टिप्परचा ताफा बाळगणारा गरीब नसतो.

४. आता संगत. गुन्हा शिकावा लागतो, असं गुन्हेगारीशास्त्रज्ञ सदरलँड म्हणतो. आडरस्ता कुठला, तहसीलचं पथक निघालं की फोन कोणी करायचा, हे सोबतीनंच कळतं. सबबीही तिथंच मिळतात: ‘नदी काय कुणाच्या बापाची?’, ‘सगळेच नेतात.’ अशा सबबींची फोड साइक्स आणि मात्झा या अभ्यासकांनी १९५७ मध्ये केली.

५. शेवटी संधी. इच्छुक माणूस, हाती लागणारा माल आणि राखणदार नसणं हे तिन्ही जुळलं की गुन्हा घडतो, असं कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलं. ट्रॅक्टर अडवायला घाटाच्या वाटेवर चर खणतात, तो हा जोड तोडायलाच.

घोळ होतो तो एकाच पायरीवर थांबल्यानं. शिवाय कारण कळणं म्हणजे माफी देणं नव्हे.

याच पायऱ्या गिऱ्हाइकालाही लावून पाहाव्यात. रेती स्वस्त, पकडले जाण्याची भीती नाही, आणि ‘सगळेच घेतात’. घर बांधताना आपण रेतीच्या रॉयल्टीची, म्हणजे सरकारी शुल्काची, पावती मागितली होती का?