परिसंवाद, ध्वनिमुद्रित

एखाद्या वादविषयावर दोन किंवा अधिक तज्ज्ञांनी सूत्रधाराच्या नियंत्रणाखाली केलेली व प्रक्षेपणासाठी अथवा जतनासाठी मुद्रित केलेली चर्चा. मुलाखतीत प्रश्न एकाचे व उत्तरे दुसऱ्याची असतात. व्याख्यानमालेत वक्ते एकामागून एक बोलतात, पण परस्परांना उत्तर देत नाहीत. परिसंवादात प्रत्येकाला दुसऱ्याच्या प्रतिपादनाचा परामर्श घ्यावा लागतो आणि तो समोर नसलेल्या श्रोत्याला केवळ कानांनी उमगावा लागतो. परिसंवादाची रचना मुख्यतः या दोन गरजांतून ठरते.

भारतीय न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन केले जाते ती वितंडा. न्यायसूत्रांत पराभवाची जी २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत, त्यांत ‘अननुभाषण’ हे एक आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला कळले असूनही ज्याला ते पुन्हा मांडून दाखविता येत नाही, तो हरला, असा त्याचा आशय. ध्वनिमुद्रित चर्चेत हा जुना नियम विशेष उपयोगी पडतो. कारण खंडनापूर्वी मूळ मुद्दा पुन्हा उच्चारला गेला, तर मध्येच ऐकू लागलेल्या श्रोत्यालाही वादाचा धागा सापडतो.

वादाची नोंद कोण ठेवतो, हा प्रश्नही जुनाच आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. त्यांचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोएन या मिशनऱ्याने, म्हणजे वादातील एका पक्षानेच, प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रणामुळे वक्त्याचे शब्द त्याच्याच आवाजात टिकू लागले. तथापि कोणते शब्द ठेवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार संपादकाकडेच राहिला.

महाराष्ट्रात नभोवाणी व चर्चा यांची सांगड घालणारा मोठा प्रयोग आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ मध्ये केला. त्यात पाच जिल्ह्यांतील सु. १५० गावांमध्ये श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रमानंतर मंडळाचे सभासद चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात असल्याने तो या प्रयोगाबाहेर राहिला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. तज्ज्ञांना उद्देशून विचारलेला गावकऱ्याचा प्रश्न हा चर्चेचा कच्चा माल होऊ शकतो, ही या प्रयोगाची खरी शिकवण होय; पुढील काळातील अनेक परिसंवादांना तिचा विसर पडलेला दिसतो.

रचनेतील पहिले काम म्हणजे विषयाचे रूपांतर प्रश्नात करणे. ‘लोणार सरोवर’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील या सरोवराचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्याच्याभोवती निरनिराळ्या जातींचे तीन प्रश्न उभे आहेत व प्रत्येकाला वेगळी मांडणी लागते.

पहिला प्रश्न उत्पत्तीचा. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील सु. १·८ किमी. व्यासाचे हे विवर ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले, असे एकोणिसाव्या शतकातील अनेक भूवैज्ञानिक मानीत. १८९६ मध्ये जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य निदर्शनास आणले. पुढे विवरात छिद्रण करून मिळालेल्या खडकांत तीव्र आघातानेच निर्माण होणारे मॅस्केलिनाइट हे काचरूप द्रव्य आढळले व १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनिपाताचा पक्ष सिद्ध केला. आज या प्रश्नावर दोन्ही पक्षांना समान वेळ देणारा परिसंवाद निःपक्षपाती दिसेल, पण तो श्रोत्याची दिशाभूल करील. येथे वादाचा इतिहास सांगावा. वाद उभा करू नये.

दुसरा प्रश्न वयाचा. हा खरा वाद आहे. आघातजन्य काचेच्या तापदीप्तीवरून १९९७ मध्ये विवराचे वय सु. ५२,००० वर्षे काढण्यात आले; आर्गॉनच्या समस्थानिकांवरून २०११ मध्ये ते सु. ५,७०,००० वर्षे आले. फरक दहापटीहून अधिक आहे. अशा वेळी वक्त्यांना केवळ निष्कर्ष विचारल्यास दोन आकडे आदळतात व चर्चा तेथेच संपते. म्हणून सूत्रधाराने क्रम उलटा ठेवावा : प्रथम नमुना कोणता, मग पद्धती, मग तिची गृहीते आणि आकडा शेवटी. वितळलेल्या खडकातून मूळ बेसाल्टमधील जुना आर्गॉन पूर्णपणे निघून गेला होता काय, अथवा तापदीप्तीचे घड्याळ नंतरच्या काळात पुन्हा शून्यावर आले असेल काय, असे प्रश्न समोरच्या तज्ज्ञानेच विचारणे इष्ट. आपले मत कोणत्या पुराव्याने बदलेल, हेही प्रत्येकाकडून वदवून घ्यावे. या एका प्रश्नाने पुष्कळदा अर्ध्या तासाच्या चर्चेत झाला नाही इतका उलगडा होतो.

तिसरा प्रश्न संवर्धनाचा. येथील मंदिरे, यात्रेकरू, गोड्या पाण्याची धार, गावाचे सांडपाणी व क्षारयुक्त पाण्यातील सूक्ष्मजीव यांचे हितसंबंध जुळत नाहीत. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण वैज्ञानिकांनी सांगितले. त्याच वर्षी सरोवराचा समावेश रामसर यादीत झाला. पाणी का बदलले हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगू शकेल, परंतु कोणाच्या वापरावर मर्यादा घालावी हे त्याच्या शास्त्रातून निघत नाही. या चर्चेत स्थानिक रहिवाशाला ‘श्रोत्यांचा प्रतिनिधी’ म्हणून शेवटची दोन मिनिटे देण्याची रीत आढळते. ती अन्यायाची आहे. तोही येथे जाणकारच होय.

वक्ते तीन, फार तर चार असावेत. त्याहून अधिक आवाज कानाला वेगळे ओळखता येत नाहीत. मुद्रणापूर्वी त्यांची बैठक घेऊन मुद्दे व परिभाषा ठरवाव्यात, पण पूर्ण तालीम करू नये. एकदा दिलेले उत्तर दुसऱ्यांदा देताना वक्ता ते पाठ केल्यासारखे म्हणतो. प्रत्येकाला स्वतंत्र ध्वनिग्राहक द्यावा. आरंभी कोणीही न बोलता खोलीची शांतता काही सेकंद मुद्रित करून ठेवावी, म्हणजे पुढे सांधे जोडताना ती भरणासाठी वापरता येते.

फितीच्या काळात सेकंदाला १९ सेंमी. वेगाने धावणारी फीत पात्याने तिरपी कापून चिकटवीत असत. कापलेला तुकडा जमिनीवर पडलेला दिसे. संगणकावरील संपादनात तसा माग उरत नाही. खोकला, पुनरुक्ती व रेंगाळलेली वाक्ये गाळण्यास हरकत नसते. मात्र उत्तर एका प्रश्नाखालून काढून दुसऱ्याखाली ठेवणे, ‘बहुधा’, ‘आमच्या नमुन्यापुरते’ यांसारखी मर्यादा घालणारी पदे वगळणे किंवा विचारासाठी घेतलेला विराम कापून वक्ता निःशंक असल्याचा भास निर्माण करणे या गोष्टी अर्थच पालटतात. तज्ज्ञाच्या दृष्टीने ‘बहुधा’ हा शब्द विधानाचाच भाग असतो.

संपादित रूप प्रक्षेपणापूर्वी सर्व वक्त्यांना ऐकविल्यास तक्रारी टळतात. परंतु एकाला आपले विधान बदलू दिले, तर त्याला उत्तर देणाऱ्यालाही तशी मुभा द्यावी लागते. असंपादित मुद्रण वेगळे जपून ठेवावे. मुद्रणाचा दिनांक ध्वनीतच उच्चारलेला असावा. २०११ पूर्वी मुद्रित झालेल्या चर्चेत लोणारचे वय ५२,००० वर्षे म्हणून निर्विवाद सांगितले असेल, तर ती पुन्हा ऐकविताना तो दिनांकच श्रोत्याला सावध करतो.